बटाट्याची बाजू

एअर फ्रायरवरून घराघरांत जे वाद होतात ते बहुतेक तळणावरून होतात. बटाटेवडा त्यात गाडीवरच्यासारखा होतो का, भजी कुरकुरीत राहतात का, पुरी फुगते का, असे प्रश्न विचारले जातात. उत्तर ‘नाही’ आलं की यंत्र कपाटावर चढतं ते पुन्हा उतरत नाही. तळण हे त्याचं काम नव्हेच, विकणाऱ्यांनी ते त्याच्या गळ्यात बांधलं. ज्या पदार्थात या यंत्राला कुणाची नक्कल करावी लागत नाही तो म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा. ब्रिटनमध्ये त्याला जॅकेट पोटॅटो म्हणतात, अमेरिकेत बेक्ड पोटॅटो, आणि इस्तंबूलच्या ओर्ताकोय भागात त्यातच लोणी-चीज घोटून, वर मावेल ते घालून कुंपीर म्हणून विकतात. पुढच्या वादातला आक्षेपक कल्पित आहे. त्याचे आक्षेप मात्र कुठल्याही स्वयंपाकघरात ऐकू येतील असे आहेत, आणि त्यांतले काही मला खोडता आलेले नाहीत.

आक्षेपक : पहिला प्रश्न गरजेचा. बटाटा शिजवायला आपल्याकडे कुकर आहे. तीन शिट्ट्यांत बटाटे होतात, शिवाय त्याच कुकरमध्ये वरण आणि भात. तुम्ही चार बटाट्यांसाठी पंधराशे वॉटचं यंत्र पाऊण तास चालवणार. तेवढ्या वेळात इकडे भाजी-पोळी होऊन पानं वाढून झाली असतील.

लेखक : वेळेचा आणि विजेचा तुमचा हिशोब बरोबर आहे. पंधराशे वॉटचं यंत्र पाऊण तास न थांबता तापत राहिलं तर एक युनिटहून थोडी जास्त वीज जाईल. प्रत्यक्षात हवं ते तापमान आलं की आतली तार मधूनमधून बंद होते, म्हणून त्याहून कमी. तरीही कुकरशी बरोबरी नाही, आणि बटाट्याची भाजी करायची असेल तर कुकरच लावावा. पण कुकरमधून निघतो तो उकडलेला बटाटा. आपण बोलतोय तो पदार्थ वेगळा आहे, आणि फरक कुठे पडतो ते बटाट्याच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. बटाट्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक वाटा स्टार्चचा. साधारण साठ-पासष्ट अंशांपासून स्टार्चचे कण आजूबाजूचं पाणी पिऊन फुगू लागतात. नव्वदच्या पुढे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होतं आणि गर मोकळा होऊ लागतो. इथपर्यंत दोन्ही बटाट्यांची वाट एकच. कुकरमध्ये मात्र चहूकडे वाफ कोंडलेली असते, त्यामुळे बटाट्यातल्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसते; साल फुटलं तर उलट पाणी आत शिरतं. म्हणून तो बटाटा ओलसर, चिकट, कुस्करून वड्याच्या सारणाला योग्य असा होतो. भाजताना गरम कोरड्या हवेत सालातून थोडंथोडं पाणी निघून जातं, कापल्यावर उरलेल्यातलं बरंच वाफ होऊन जातं, आणि मागे राहतो तो भुसभुशीत, कोरडा गर. त्यावर चमचाभर तूप सोडलं तर ते वर तरंगत नाही, आत मुरतं. म्हणजे बटाटा भाजणं हे अर्धं शिजवणं आणि अर्धं वाळवणं आहे. ऊन तेवढंच असलं तरी वारा असलेल्या दिवशी दोरीवरचे कपडे लवकर वाळतात. एअर फ्रायरच्या डब्यात वरून तापलेली तार आणि तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा नेमकं तेच करतात.

आक्षेपक : हे काम ओव्हन कधीपासून करतोय. पंख्याचे ओव्हनही जुनेच. मग यात नवीन काय?

लेखक : शोध म्हणाल तर काहीच नवीन नाही. अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी १९४० च्या दशकात विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी पंख्याचा छोटा ओव्हन केला होता. नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वाइ यांच्या कल्पनेवरून फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जो एअर फ्रायर आणला, त्याची जात तीच. खण तेवढा लहान. पण या पदार्थाच्या बाबतीत खण लहान असण्यालाच महत्त्व आहे, आणि त्यासाठी भाजलेल्या बटाट्याचा इतिहास पाहायला हवा. हेन्री मेह्यू यांनी १८५१ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यांवरच्या धंद्यांची जी तपशीलवार नोंद केली, तीत भाजके बटाटे विकणारे आहेत. खाली विस्तव आणि गरम पाण्याची टाकी असलेला पत्र्याचा डबा घेऊन ते उभे राहत; हिवाळ्यात काही गिऱ्हाइकं बटाटा घेत ती आधी हात शेकायला. पण बटाटा ते डब्यात भाजत नसत. भाजून आणत बेकरीवाल्याकडून, कारण त्याची भट्टी पावासाठी पेटलेलीच असे. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेच्या नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे भोजन-डब्यांचे प्रमुख हेझन टायटस यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले अगडबंब बटाटे भाजून प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. एकेक बटाटा किलोच्या आसपासचा. इतका मोठा माल बाजारात खपत नाही म्हणून शेतकरी तो डुकरांना घालत होते. रेल्वेने पुढे आपली जाहिरातच ‘भल्यामोठ्या भाजक्या बटाट्याचा मार्ग’ अशी केली. तिथेही गाडीच्या स्वयंपाकघरातली शेगडी इतर जेवणासाठी पेटलेली असेच. आपल्याकडे भाकऱ्या झाल्यावर चुलीतल्या फुफाट्यात कांदा, रताळं, बटाटा सारून द्यायची रीत आहे, तिचं गणितही हेच. म्हणजे हा पदार्थ सगळीकडे उरलेल्या उष्णतेवर जगला. दोन बटाट्यांसाठी मोठा ओव्हन तासभर पेटवणं ही अलीकडची, आणि खरं तर उधळपट्टीची, पद्धत आहे. फ्लॅटमधल्या गॅसच्या शेगडीला ना फुफाटा, ना वैल. उरलेली उष्णता जिथे नाहीच, तिथे ज्याला आधी तापत ठेवावं लागत नाही, ज्याचा खण चार-पाच लिटरचा आहे, ते यंत्र या पदार्थाच्या जुन्या हिशोबाला सगळ्यात जवळ जातं. माझा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

आक्षेपक : गॅसवर वांगं भाजतोच की आपण. भरताला कुणी ओव्हन लावत नाही. बटाट्यालाच काय एवढं सोनं लागलंय?

लेखक : वांगं आतून स्पंजासारखं, हवेने भरलेलं असतं. ते खचत जातं, त्याचा रस सुटतो, आणि जळकं साल आपण काढून टाकतो; किंबहुना त्या जळण्यातूनच भरताला चव येते. बटाटा घट्ट असतो. त्याच्या आत उष्णता फक्त एका थरातून पुढच्या थरात सरकत जाते, आणि ते काम सावकाशीचं आहे. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ साधारण चौपट होतो. ज्योतीवर धरलेल्या बटाट्याचं साल कोळसा होतं तेव्हा मध्य अजून कच्चा असतो. इथे एअर फ्रायरबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जाहिराती काहीही म्हणोत, फिरती हवा बटाट्याच्या पोटात शिरत नाही. ती फक्त सालाला लवकर तापवते. तिथून आत जायचा वेग बटाट्याचा स्वतःचा. म्हणून ओव्हनच्या तासाऐवजी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, पंधरा नाही. ‘झटपट’ हा शब्द या पदार्थापुरता खोटा आहे.

आक्षेपक : झटपट हवं तर मायक्रोवेव्ह आहे. सात-आठ मिनिटांत बटाटा मऊ.

लेखक : मऊ होतो, भाजला जात नाही. मायक्रोवेव्ह बटाट्यातल्या पाण्यालाच तापवतो. वाफ बाहेर येते आणि भोवतालची हवा थंड असल्यामुळे सालावरच ओल धरते. साल लिबलिबीत, गर कुठे चामट तर कुठे पिठूळ. घाईच्या दिवशी पाचेक मिनिटं मायक्रोवेव्ह आणि मग पंधरा मिनिटं एअर फ्रायर ही जोडी चालण्यासारखी आहे, ब्रिटनमधल्या घरांत ती सर्रास चालते. थोडं उणं पडतं, पण चालतं. ओल कोंडण्याचा दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. अमेरिकेतल्या अनेक हॉटेलांत बटाटा चंदेरी कागदात गुंडाळून देतात. दिसायला छान, पण त्या कागदात बटाटा स्वतःच्याच वाफेत उकडतो. आणि गुंडाळलेला बटाटा तसाच बाहेर ठेवला तर प्रकरण चवीपुरतं राहत नाही. टेक्सासमधल्या एल पासो शहरात १९९४ मध्ये फॉइलमध्ये भाजून साध्या तापमानाला ठेवलेल्या बटाट्यांपासून हॉटेलात चटणीवजा पदार्थ केला गेला, आणि तीस जणांना बोट्युलिझम झाला. ही विषबाधा करणाऱ्या मातीतल्या जिवाणूचे बीजाणू भाजण्यातून तगतात आणि हवा न लागणाऱ्या ओलसर उबेत वाढतात. एअर फ्रायरमध्ये फॉइल घालूच नये. घातली तर पंख्याचा उपयोगच संपतो. उरलेला बटाटा उघडा करून फ्रिजमध्ये ठेवावा.

आक्षेपक : बरं, शास्त्र झालं. चवीचं बोला. फुफाट्यातल्या बटाट्याला धुराचा वास असतो. रायगडकडची पोपटी खाल्ली आहे ना? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, त्यातच बटाटे, अंडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. तुमचं यंत्र त्यातलं काय देणार?

लेखक : काहीच नाही. धूर देणार नाही, भांबुर्डीचा वास देणार नाही, आणि शेतात जाळाभोवती बसलेली माणसं तर नाहीच नाही. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडायची गरजही वाटत नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या की पोपटीतला बटाटा बंद मडक्यात, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजतो. तो अंगाने वाफवलेलाच असतो, वास मात्र भाजल्याचा. त्याची तुलना एअर फ्रायरशी केली तर दोघांवरही अन्याय होतो. तुलना करायचीच तर ओव्हनमधल्या बटाट्याशी करा, आणि तिथे दोन-चार बटाट्यांपर्यंत एअर फ्रायरचं साल बहुधा सरसच निघतं. मोठ्या ओव्हनच्या एका कोपऱ्यात पडलेल्या बटाट्याला एवढा वारा लागत नाही.

आक्षेपक : आता खरी अडचण सांगतो. तो इंग्रजी-अमेरिकी बटाटा निराळा, आपल्या बाजारातला निराळा. इथला बटाटा भाजला की आतून मेणासारखा राहतो. मग यंत्र कितीही चांगलं असो.

लेखक : हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. अमेरिकेत या पदार्थासाठी जी जात चालते ती रसेट बरबँक. ल्यूथर बरबँक यांनी १८७० च्या दशकात काढलेल्या बटाट्याचं हे खरबरीत सालाचं रूप. त्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त, म्हणूनच तो भुसभुशीत होतो. आपल्याकडे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या कुफरी जाती पिकतात. त्यांतली कुफरी पुखराज लवकर तयार होते, भरपूर पिकते, पण पाणीदार; तिच्याकडून भुसभुशीतपणाची अपेक्षा करू नये. कुफरी ज्योती मधली. १९९८ ची कुफरी चिप्सोना चांगली कोरडी, पण नावावरूनच कळतं तिचा मोठा वाटा कुठे जातो ते. भाजीवाल्याकडे जातीचं नाव मिळत नाही; मिळालं तर आग्रा, इंदूर, तळेगाव असं गावाचं नाव मिळतं. भरीस भर शीतगृहाची. उत्तरेतलं रब्बी पीक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतं आणि पुढे कित्येक महिने दोन-चार अंशांच्या थंडीत राहतं. त्या थंडीत बटाट्यातला थोडा स्टार्च साखरेत बदलतो. पावसाळ्यात बटाट्याची भाजी गोडसर लागते आणि काचऱ्या लवकर काळ्या पडतात त्या यामुळे. तेव्हा चव बटाट्यावर ठरते, यंत्रावर नंतर, हे मी मान्य करतो. पण म्हणून हात टेकायचं कारण नाही. एक भाग मीठ अकरा भाग पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडा; बुडाला तर कोरड्या, पिठूळ जातीचा, तरंगला तर पाणीदार. बुडालेले भाजायला ठेवा, तरंगलेले रश्श्याला. शिवाय पाणीदार बटाट्याला तर वाळवणारं यंत्र जास्तच हवं. कुकरमध्ये त्याचा लगदा होतो, फिरत्या गरम हवेत निदान सालाखालचा बोटभर थर तरी कोरडा, खमंग मिळतो.

आक्षेपक : तेल लागत नाही म्हणून प्रकृतीला चांगलं, हे तरी खरं ना?

लेखक : नाही, आणि इथे मी तुमच्यापेक्षाही कडक बोलेन. भाजलेल्या बटाट्यात तेल कधीच नव्हतं. ओव्हनमध्ये नव्हतं, फुफाट्यात नव्हतं. त्याचं श्रेय यंत्राने घेऊ नये. मध्यम आकाराच्या सालासकट बटाट्यात सुमारे १६० कॅलरी आणि नऊशे मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं, ही बटाट्याची पुण्याई. उलट बाजूही आहे : भाजलेला बटाटा गरमागरम खाल्ला तर रक्तातली साखर भराभर वाढते, उकडून गार केलेल्यापेक्षा जास्त. मधुमेह असलेल्याने ‘एअर फ्राय केलंय’ म्हणून दुसरा बटाटा घेऊ नये. अ‍ॅक्रिलामाइडचं भय सांगणारेही भेटतील. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की स्टार्चचे पदार्थ साधारण १२० अंशांपुढे तापले की त्यांत हे द्रव्य तयार होतं. अख्ख्या बटाट्याच्या गरात पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही, म्हणून प्रश्न फक्त सालाचा. साल सोनेरी-तपकिरी झालं की थांबावं, काळं होईतो वाट पाहू नये.

आक्षेपक : समजा, एकदा करून पाहायचं ठरवलं. सांगा कसं करायचं.

लेखक : दोनशे ते अडीचशे ग्रॅमचे, एकसारख्या आकाराचे बटाटे घ्या, लहान-मोठे मिसळले तर एक करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. हिरवट झालेले किंवा कोंब आलेले बाजूला काढा. माती निघेपर्यंत घासून धुवा आणि फडक्याने अगदी कोरडे पुसा. ही पायरी लोक गाळतात आणि मग साल मऊ राहिलं म्हणून यंत्राला दोष देतात, पहिली दहा मिनिटं वरचं पाणी उडवण्यात गेलेली असतात. काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा. बटाटा फुटणं क्वचित होतं, पण फुटला तर डबा घासत बसावं लागतं. तळहातावर चार थेंब तेल घेऊन सालाला चोळा, वर जाडं मीठ. बटाटे एकमेकांना टेकू देऊ नका, एकावर एक तर मुळीच नाही, कारण हवेला वाट हवी. २०० अंशांवर वीस मिनिटं, मग उलटा, पुन्हा वीस. सुरी मध्यापर्यंत लोण्यात शिरावी तशी शिरली आणि बोटाने दाबल्यावर साल कुरकुरलं की झाला. अडलं तर आणखी पाच-सात मिनिटं. पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची : काढल्याकाढल्या वर फुलीची चीर द्या आणि दोन्ही टोकं धरून आत दाबा. भस्सकन वाफ निघते आणि गर फुलून वर येतो. पाच मिनिटं तसाच ठेवलात तर तीच वाफ आत जिरते, गर पुन्हा चिकट होतो, आणि पाऊण तासाची वीज फुकट जाते. वर ब्रिटिशांसारखं लोणी, चीज आणि टोमॅटोतले बीन्स घाला, नाहीतर तूप, जिरेपूड, सैंधव आणि दाण्याचं कूट. ही दुसरी तऱ्हा एकादशीलाही चालते, आणि त्या दिवशीच्या तेलकट वेफर्सपेक्षा पोटाला बरी.

आक्षेपक : आमच्या घरी सहा-सात माणसं. चार बटाट्यांचा घाणा, तोही दोनदा?

लेखक : तुमच्या घरी नको. दुसरा घाणा होईतो पहिला गार होतो आणि हा पदार्थ गारढोण खाण्यात अर्थ नाही. तेवढ्या माणसांना मोठा ओव्हन परवडतो, कारण एकाच तापवण्यात दहा बटाटे होतात. रश्श्याला, भाजीला, वड्याला कुकर. एअर फ्रायर या कामी उपयोगाचा तो एक-दोन, फार तर चार माणसांच्या घरात, जिथे संध्याकाळी एक बटाटा भाजून त्यावरच जेवण भागवायचं असतं. आणि तिथेही तो आधीपासून असेल तर कपाटावरून खाली काढा. फक्त बटाट्यासाठी नवा आणू नका. तुमच्याकडे ओटीजी असेल तर त्याला पंख्याचं बटण आहे का ते आधी पाहा. असेल, तर तुमच्याकडे एअर फ्रायर आहेच, जरा मोठा आणि जरा हळू तापणारा.